लाइनीतली मधली बंडी काढली की

कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर बंड्या-ट्रॅक्टरची लाइन लागते. तिथं टोकन लिहायचं काम माझ्याकडे. परत गेलेल्या गाड्या यादीतून काढायला मी पायथन या संगणक-भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. टोकन २ आणि ५ काढायचे होते. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून एक वजा करायलाही विसरलो नव्हतो. तरी ५ राहिलं आणि ६ उडालं. "काऊन भाऊ, माही बंडी कुठी गेली?" ६ नंबरवाला काट्यापाशी येऊन विचारत होता. २ नंबरची गाडी निघताच मागच्या सगळ्या एकेक घर पुढं सरकल्या होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

या सरकण्याचं मूळ पायथनहून बरंच जुनं. १९५७ च्या फोरट्रान या भाषेत ॲरे, म्हणजे यादी, ही मेमरीतली लागून असलेली घरं. कितवं हवं ते सांगा, पत्ता गणितानं निघतो. मधलं काढायचं तर मागचे सारे पुढं ओढा, तेही स्वतः लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या ओळी, लिहून. जॉन मॅकार्थींच्या लिस्प या भाषेनं, १९५८ पासून, दुसरी वाट धरली: प्रत्येक घराजवळ फक्त पुढच्याचा पत्ता. मधलं सोडून दोर पुढच्याला बांधला की झालं, कोणी हलत नाही. पण पन्नासावं हवं असेल तर पहिल्यापासून मोजत जा. १९९१ मध्ये आलेल्या पायथननं नाव 'लिस्ट' ठेवलं खरं, आतून मात्र तो ॲरेच. काढायचा हुकूम 'डेल' असो की 'पॉप', सरकवणं दोन्हींत आहे. पॉप काढलेली वस्तू हातात देतो, एवढाच फरक.

शून्याचं सांगायचं तर फोरट्रान एकपासून मोजायचा. बीसीपीएल आणि सी या भाषांमध्ये क्रमांक म्हणजे सुरुवातीपासून किती घरं पुढं जायचं ते, म्हणून पहिल्याला शून्य. १९८२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी शून्यापासून मोजण्याची बाजू मांडली. आमच्याकडे कुणाला शून्य नंबरचं टोकन देऊन पाहा!

जावा या भाषेत वेगळीच गंमत. तिथं यादीतून काढायचा हुकूम 'रिमूव्ह' क्रमांकही घेतं आणि यादीतली वस्तूही. २००४ च्या जावा ५ पासून यादीत टाकताना आकडा आपोआप वस्तू होऊ लागला, पण 'रिमूव्ह'ला नुसता ५ दिला की ते त्याला क्रमांकच समजतं. त्यामुळं आकड्यांच्या यादीतून ५ हा आकडा काढायला गेलेला माणूस पाचव्या क्रमांकावरचं काढून बसतो.

मी आता क्रमांक उलटे लावतो. आधी ५, मग २. पाचवी निघाली तरी दुसरी जागची हलत नाही.