बलाचं आघूर्ण: टेकूपासून कुठल्याही बिंदूपर्यंत

आघूर्ण म्हणजे बलाचा एखाद्या बिंदूभोवती फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले त्या बिंदूपासूनचं लंब अंतर. त्याचं गणित बहुतेकदा एकाच ठिकाणी चुकतं. आकडा लिहिला जातो, पण तो कोणत्या बिंदूभोवती काढला हे लिहायचं राहून जातं. ही सवय तरफेपासूनची आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने तरफेचा नियम सिद्ध केला: वजनं आणि त्यांची टेकूपासूनची अंतरं व्यस्त प्रमाणात असली की दांडी समतोल राहते. तिथे बिंदू निवडायचा प्रश्नच नव्हता, टेकू समोर दिसत होता.

दांडी वाकडी असली तर अंतर कुठून कुठे मोजायचं? तेराव्या शतकात जॉर्डानस नेमोरारियसच्या नावावर असलेल्या ग्रंथात याचं उत्तर आहे. दांडीची लांबी सोडा, टेकूतून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून वजनाचं आडवं अंतर घ्या. बल तिरकं असलं तरी हाच विचार चालतो: बिंदूपासून बलाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी महत्त्वाची.

रावेर-यावलच्या केळीबागेत हा लंब रोज कामाला येतो. समजा घड 25 किलोचा आहे आणि उभ्या खोडापासून अर्धा मीटर बाहेर लोंबतोय. वजन साधारण 245 न्यूटन, म्हणजे बुंध्याभोवती आघूर्ण 122.5 न्यूटन-मीटर. ते पेलायला दोन मीटर उंचीवर पट्टी बांधून, घडाच्या विरुद्ध बाजूला दीड मीटरवरच्या शेजारच्या झाडाच्या बुंध्याला ताणली, तर बुंध्यापासून पट्टीवरचा लंब 1.2 मीटर येतो. मुळांची पकड हिशेबात धरली नाही, तर पट्टीत 102 न्यूटन ताण पुरतो. तीच पट्टी अर्ध्या मीटरवरच्या खुंटीला बांधली तर लंब 0.485 मीटर उरतो आणि ताण 253 न्यूटनवर जातो. पट्टी खोडात रुतते ती यामुळे. शिवाय या ताणाचा खालच्या दिशेचा भाग 245 न्यूटन, म्हणजे खोडावर आणखी एक घड लादल्यासारखं! पट्टी जाड घेऊन यावर इलाज होत नाही, खुंटी खोडापासून दूर ठोकावी लागते. वारा वेगळाच: दोन मीटर उंचीवर नुसतं 60 न्यूटनचं आडवं बल लागलं तरी बुंध्याभोवती 120 न्यूटन-मीटर येतं, आणि ते खोडाला घडाच्या दिशेने ढकलत असलं तर बेरीज जवळजवळ दुप्पट होते.

इथे बुंधा टेकू आहे म्हणून घेतलेला नाही. जमिनीची प्रतिक्रिया तिथूनच जाते, म्हणून ते अनोळखी बल समीकरणातून गळतं. सोयीचा बिंदू निवडायची ही मोकळीक फ्रेंच गणितज्ञ पियेर वारिन्यों यांच्या कामातून रुळली. 1687 मध्ये त्यांनी स्थितिकीची, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या शास्त्राची, जी नवी मांडणी छापली, तिचा गाभा असा: एकाच बिंदूतून जाणाऱ्या बलांची आघूर्णं त्याच प्रतलातल्या कुठल्याही बिंदूभोवती घेऊन बेरीज करा, ती परिणामी बलाच्या (त्या सगळ्यांच्या जागी चालणाऱ्या एका बलाच्या) आघूर्णाइतकीच येते. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1725 मध्ये आला.

मग बिंदू बदलला की आकडा बदलतो का? एकट्या बलाचा बदलतोच. घडाच्या बरोबर खालचा जमिनीवरचा बिंदू घेतला तर घडाच्या वजनाचं आघूर्ण शून्य. पण पट्टी नसताना बुंध्याशी जमिनीने वर दिलेलं 245 न्यूटनचं बल आता अर्धा मीटर दूर आहे, त्यामुळे 122.5 न्यूटन-मीटर पुन्हा हजर! फ्रेंच गणितज्ञ लुई प्वांसो यांनी 1803 मध्ये अशा समान, समांतर आणि विरुद्ध बलांच्या जोडीला स्वतंत्र स्थान दिलं. त्या जोडीचं, म्हणजे युग्माचं, आघूर्ण कुठल्याही बिंदूभोवती तेच राहतं. एकूण बल शून्य असेल तर एकूण आघूर्ण बिंदूवर अवलंबून राहत नाही, हे त्यातूनच निघतं.

स्थिर झाडाचं एवढ्यावर भागतं. फिरणाऱ्या वस्तूसाठी गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी 1775 मध्ये आघूर्णाचा नियम बलाच्या नियमाशेजारी स्वतंत्र म्हणून मांडला: आघूर्ण म्हणजे कोनीय संवेगाच्या (फिरण्याच्या गतीच्या मापाच्या) बदलाचा दर. इथे मात्र बिंदूची निवड पुन्हा मर्यादित होते. तो जमिनीशी स्थिर हवा किंवा वस्तूचं वस्तुमानकेंद्र हवं. वेग घेणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसाभोवती साधं समीकरण लिहिलं तर त्वरणाचं पद सुटतं आणि पुढचं चाक कधी उचलेल याचं उत्तर चुकतं.