उभ्या तलवारीची मोहर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याच्या गळ्यात सयाजीराव गायकवाड महाराजांची एक सोन्याची मोहर असायची. महाराज सरळ, कडी बरोबर पगडीच्या वर. पण मोहर उलटी झाली की मागची आडवी तलवार उभी दिसे. दोन पिढ्या घरात सोनाराच्या नावाने बोटं मोडली गेली, मेल्याने कडी वाकडी डागली म्हणून. कडी वाकडी असती तर महाराजही कलंडले असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चूक टांकसाळीतली होती. संग्राहक तिला ‘रोटेटेड डाय’ म्हणतात, म्हणजे फिरलेला ठसा.

गंमत अशी की यंत्राआधीच्या बडोदा नाण्यांत ही चूक शोधण्यात अर्थच नाही. फारसी मजकूर आणि जोडीला गायकवाडांचं नागरी आद्याक्षर, अशी ती नाणी हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा कारागिराच्या मुठीत. मध्ये चकती ठेवायची आणि घण हाणायचा. मूठ दरवेळी थोडी वळणारच. लागोपाठची दोन नाणीही जुळत नसत, आणि जुळावीत असं कुणाला वाटतही नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराजांच्या मुखवट्याची नाणी यंत्रावर पडू लागली, आणि दोन बाजूंमधला कोन ठरला. कोन ठरला म्हणून तो चुकू लागला! ठसा धरून ठेवणारा स्क्रू सैल झाला की दाबागणिक ठसा किंचित सरकतो, त्यामुळे एकाच खेपेत दहा अंशांपासून थेट उलट्यापर्यंतचे नग निघू शकतात. पंधरा-एक अंशांचा फरक जाणकार मोजतही नाहीत. १९०१ मध्ये बडोद्याचा बाबाशाही रुपया बंद होऊन ब्रिटिश रुपया आला, त्यामुळे यंत्राचा हा काळही तोकडाच.

पारख सोपी आहे. नाणं वरखाली चिमटीत धरा आणि दाराच्या फळीसारखं फिरवा. दोन्ही बाजू सरळ दिसल्या तर ठीक. मात्र सगळ्याच नाण्यांना हा नियम लावू नका: ब्रिटनची बरीच जुनी नाणी मुद्दाम उलट्या कोनात पाडलेली आहेत, तिथे सरळ दिसणं हाच दोष. अमेरिकेत आजही तीच रीत.

सोन्यात तर माझा पहिला संशय नकलेवरच जातो. आपल्याकडे ‘गिनी’ म्हणून विकली जाणारी सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटनचं सोन्याचं नाणं, (मुंबईतही १९१८ साली पाडली गेली) दागिन्यांसाठी भरपूर नकलली गेली, आणि खासगी ठसे लावणाऱ्याला कोनाची फिकीर नसते. म्हणून आधी वजन, ७.९८ ग्रॅम, मग व्यास, २२ मिलिमीटर, कोन त्यानंतर. दोन अर्धी चिकटवून केलेला बनाव असेल तर कडेवरची शिवण भिंगाखाली दिसते.

आत्याची मोहर मी अशीच तपासली. खरी निघाली. पण कडीच्या डागाने संग्राहकाच्या लेखी ती केव्हाच उतरली होती, आणि सराफाने तिला तराजूत टाकून सोन्याचा भाव सांगितला.