सर्बियातील संघटित गुन्हेगारी: सत्तेच्या आश्रयापासून युरोपच्या बंदरांपर्यंत

सर्बियन टोळ्या युगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर युरोपभर पसरल्या, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पश्चिम जर्मनीने 1968मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगारभरतीचा करार केला आणि पुढच्या काही वर्षांत लाखो माणसे फ्रँकफर्ट, म्युनिक, व्हिएन्ना, स्टॉकहोम या शहरांत जाऊन राहिली. टिटोंच्या राजवटीचा लाल पासपोर्ट पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंच्या बहुतेक देशांत व्हिसाशिवाय चालत असे, आणि शीतयुद्धाच्या काळात ही सवलत फार थोड्या देशांच्या नागरिकांना होती. कष्टकरी कामगारांच्या या मोठ्या लोंढ्याबरोबर मूठभर चोर आणि दरोडेखोरही गेले. परदेशात स्थायिक झालेल्या राजकीय विरोधकांचा काटा काढण्यासाठी गुप्त पोलिसांनी त्यांच्यातीलच काहींना हाताशी धरले. मोबदल्यात त्यांना खोटी कागदपत्रे मिळत आणि मायदेशी परतल्यावर अभय मिळे. म्युनिकजवळच्या वोल्फ्राट्सहाउझेन येथे 1983मध्ये एका क्रोएशियन निर्वासिताचा खून झाला. त्या प्रकरणी युगोस्लाव्ह गुप्तचर यंत्रणेच्या दोन माजी अधिकाऱ्यांना म्युनिकच्या न्यायालयाने 2016मध्ये जन्मठेप ठोठावली. हे दोन्ही अधिकारी स्वतः क्रोएशियन होते. त्यामुळे या काळापुरते बोलताना ‘सर्बियन’ हे विशेषण जपून वापरावे लागते, कारण ही पद्धत एका वंशाची नव्हती, राज्ययंत्रणेची होती.

नव्वदच्या दशकात ही माणसे आणि ही पद्धत दोन्ही बेलग्रेडला परतली. बेल्जियम, नेदरलँड्स, स्वीडन या देशांत बँका लुटलेला आणि तिथल्या तुरुंगांतून पळालेला एक दरोडेखोर फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा म्होरक्या बनला. 1990मध्ये त्याने त्याच चाहत्यांतून स्वयंसेवकांचे सशस्त्र पथक उभारले, आणि हे पथक पुढे क्रोएशिया व बोस्नियात लुटालूट आणि हत्याकांडांसाठी कुप्रसिद्ध झाले. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी हेग येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्यावर आरोपपत्र ठेवले, पण खटला उभा राहण्यापूर्वीच जानेवारी 2000मध्ये बेलग्रेडच्या एका बड्या हॉटेलात तो गोळ्या घालून मारला गेला.

युद्धाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हातभार निर्बंधांनी लावला. संयुक्त राष्ट्रांनी 30 मे 1992 रोजी सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो एवढ्याच उरलेल्या युगोस्लाव्ह संघराज्यावर व्यापारबंदी लादली आणि एका रात्रीत पेट्रोल, सिगारेट अशा वस्तूंचा व्यापार तस्करीत मोडू लागला. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्यांत आणि डब्यांत पेट्रोल भरून विकणारी माणसे, कोपऱ्यावर उभे राहून ‘देविझे, देविझे’ म्हणजे ‘परकीय चलन, परकीय चलन’ असे पुटपुटणारे दलाल, हे त्या वर्षांतले रोजचे दृश्य होते. जानेवारी 1994मध्ये एका महिन्याची भाववाढ 31 कोटी टक्क्यांवर गेली. त्याआधीच 500 अब्ज दिनारची नोट छापून झाली होती आणि तिच्यावर एका लोकप्रिय कवीचे चित्र होते. ज्या देशात शिक्षकाचा पगार संध्याकाळपर्यंत कवडीमोल होतो, तिथे सीमेपलीकडून टँकर आणू शकणारा माणूस मोठा होतो. हा माणूस आणि सीमेवरचा अधिकारी यांची भागीदारी तेव्हापासूनची आहे. मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावरून सिगारेटी भरलेल्या वेगवान बोटी रात्री एड्रियाटिक ओलांडून इटलीच्या बारी परिसरात पोहोचत. बाल्कनमधल्या आणि इटलीतल्या टोळ्यांचे व्यावहारिक नाते त्या फेऱ्यांतून पक्के झाले.

याच काळात गुप्तचर खात्याच्या अखत्यारीत एक विशेष पथक तयार झाले. लाल टोप्यांमुळे ते त्याच नावाने ओळखले जाई. त्याच्या प्रमुखाने फ्रेंच परदेशी सैनिकदलात नोकरी केली होती आणि त्याचे बेलग्रेडच्या झेमुन भागातील टोळीशी सख्य होते. ऑगस्ट 2000मध्ये तेव्हाचे सत्ताधीश स्लोबोदान मिलोशेविच यांचे एकेकाळचे गुरू आणि नंतरचे प्रतिस्पर्धी असलेल्या सर्बियाच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे सकाळी धावायला गेले असताना अपहरण झाले. त्यांना फ्रुश्का गोरा डोंगरात मारून पुरले होते, हे मार्च 2003मध्ये उघड झाले. हे काम याच पथकाच्या माणसांचे होते.

आता ज्या निर्णयाविषयी आजही वाद होतो, त्याकडे येतो. 5 ऑक्टोबर 2000 रोजी लाखो लोक बेलग्रेडच्या रस्त्यांवर उतरले आणि मिलोशेविच यांची सत्ता कोसळली. आदल्या रात्री विरोधी आघाडीचे नेते झोरान जिंजिच या पथकाच्या प्रमुखाला एका गाडीत भेटले आणि पथक जमावावर गोळी चालवणार नाही, असे त्यांच्यात ठरले. पथकाने शब्द पाळला, रक्तपात टळला आणि नवे सरकार जन्मतःच त्या पथकाचे ऋणी झाले. जिंजिच पंतप्रधान झाल्यावर हे पथक बरखास्त करायला हवे होते का, हा तो प्रश्न. तसे न करण्याच्या बाजूची कारणे खोटी नव्हती. सैन्य आणि पोलीस दोन्ही जुन्या राजवटीने घडवलेले होते, दक्षिण सर्बियात सशस्त्र बंड सुरू होते, संघराज्याचे अध्यक्ष आणि सर्बियाचे पंतप्रधान यांचे आपसात पटत नव्हते, आणि नव्या सरकारकडे या पथकाला निःशस्त्र करू शकेल असे दुसरे दल नव्हते. बंदुका ज्यांच्या हातात आहेत त्यांना आधी चुचकारावे, मग हळूहळू वेसण घालावी, असा तो हिशेब होता.

तरीही माझ्या मते हा हिशेब पहिल्याच वर्षी चुकला होता आणि तो चुकल्याचे उघड दिसत होते. एप्रिल 2001मध्ये देशातल्या सर्वांत श्रीमंत उद्योजकांपैकी एकाचे अपहरण झाले आणि त्याच्या सुटकेसाठी झेमुनच्या टोळीने सुमारे 70 लाख जर्मन मार्क उकळले. नोव्हेंबर 2001मध्ये तर पथकाने उघड बंड केले. पथकानेच पकडलेल्या युद्धगुन्ह्यांच्या दोन संशयितांना हेगच्या न्यायाधिकरणाकडे सोपवले गेले, हे त्यासाठीचे निमित्त होते. पथकाच्या चिलखती गाड्यांनी राजधानीच्या ‘नवे बेलग्रेड’ या भागातला महामार्ग अडवला आणि तोंडावर बुरखे घातलेले सशस्त्र जवान राजधानीच्या रहदारीत उभे राहिले. डॉक्टर जसे पांढरे कोट घालून निदर्शने करतात तसेच हेही आपल्या गणवेशात आले आहेत, अशा अर्थाचे समर्थन संघराज्याच्या अध्यक्षांनी केले. सरकारने गृहमंत्र्यांना हटवले नाही, पण गुप्तचर खात्याच्या प्रमुखाला आणि त्याच्या सहकाऱ्याला जावे लागले. म्हणजे ज्या खात्याने गुन्हेगारांवर पाळत ठेवायची होती त्या खात्यात कोण बसणार, हे पाळतीखालच्यांनीच ठरवले. या एका आठवड्यात सरकारने जे गमावले ते पुढे कायद्याने भरून निघाले नाही.

कायदा मात्र झाला. 2002च्या उन्हाळ्यात संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा संमत झाला, विशेष सरकारी वकील नेमला गेला, संरक्षित साक्षीदाराची तरतूद आली, आणि 2003च्या सुरुवातीला एका प्रतिस्पर्धी टोळीचा म्होरक्या बोलायला तयार झाला. झेमुनच्या टोळीला आपला फास दिसू लागला. 21 फेब्रुवारी 2003 रोजी बेलग्रेडमध्ये महामार्गावर एक मालट्रक पंतप्रधानांच्या ताफ्यावर आडवा घातला गेला. चालक जागीच पकडला गेला. तो टोळीतलाच होता, आणि काही दिवसांतच न्यायालयाने त्याला सोडून दिले. 12 मार्च रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास जिंजिच सरकारी इमारतीच्या मागच्या दाराशी गाडीतून उतरले. फुटबॉल खेळताना पाय दुखावल्यामुळे ते कुबड्या घेऊन चालत होते. समोरच्या बाजूच्या एका इमारतीच्या खिडकीतून झाडलेली गोळी त्यांना लागली. गोळी झाडणारा त्याच विशेष पथकाचा उपप्रमुख होता.

त्यानंतरचे 42 दिवस आणीबाणीचे होते. दहा हजारांहून अधिक लोकांना ताब्यात घेतले गेले, पथक 25 मार्चला बरखास्त झाले, दोनच दिवसांनी टोळीचे दोन प्रमुख पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, आणि झेमुनच्या शिलर रस्त्यावरचा टोळीचा टोलेजंग वाडा यंत्रे लावून जमीनदोस्त करण्यात आला. जे काम ऑक्टोबर 2000मध्ये अशक्य म्हटले जात होते ते दोन आठवड्यांत झाले. फक्त ते करून घेणारा पंतप्रधान तेव्हा हयात नव्हता. 2007मध्ये बारा जणांना दोषी ठरवण्यात आले आणि पथकाच्या माजी प्रमुखाला व गोळी झाडणाऱ्याला प्रत्येकी 40 वर्षांची शिक्षा झाली. या हत्येमागील राजकीय सूत्रधार कोण, याचा निकाल मात्र त्या खटल्यात लागला नाही.

टोळी मोडली तरी धंदा थांबला नाही, तो देशाबाहेर सरकला. जवाहिऱ्यांची दुकाने काही मिनिटांत लुटणाऱ्या, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोतील माणसांच्या सैल जाळ्याने लंडन, पॅरिस, दुबई, टोकियो येथे हात मारले. लंडनच्या 2003मधील चोरीतील एक हिरा चेहऱ्याला लावायच्या मलमाच्या डबीत लपवलेला सापडला, ‘पिंक पँथर’ चित्रपटमालिकेतही हिरा असाच लपवलेला दाखवला होता, त्यावरून त्यांना हे टोपणनाव पडले. पण खरा पैसा कोकेनमध्ये होता. ऑक्टोबर 2009मध्ये उरुग्वेजवळ एका नौकेवर दोन टनांहून अधिक कोकेन पकडले गेले, आणि मॉन्टेनेग्रोत जन्मलेला त्यामागचा सूत्रधार 2014मध्ये सर्बियाच्या स्वाधीन झाला. डिसेंबर 2009पासून सर्बियाच्या नागरिकांना शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, व्हिसा लागेनासा झाला. प्रवास सोपा झाला हे खरे, पण टोळ्यांच्या वाढीचे कारण म्हणून त्याला जितके वजन दिले जाते तितके ते नाही. त्यांना जहाजे हवी होती, आणि ती मॉन्टेनेग्रोतील कोटोरच्या आखातात होती. पिढ्यान्‌पिढ्या खलाशी घडवणाऱ्या या गावांतील तरुण मालवाहू जहाजांवर काम करतात. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत समुद्रातच माल चढवून घ्यायचा आणि कंटेनरांत लपवून तो पुढे न्यायचा, यासाठी अशाच खलाशांची गरज लागते. जून 2019मध्ये फिलाडेल्फियाच्या बंदरात एका कंटेनरजहाजावर सुमारे 20 टन कोकेन सापडले, तेव्हा मॉन्टेनेग्रोच्या अनेक खलाशांनी अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला.

कोटोरमधल्या दोन वस्त्यांची नावे लावणाऱ्या दोन टोळ्या 2014मध्ये वेगळ्या झाल्या. स्पेनमधील वॅलेन्सिया येथून सुमारे 200 किलो कोकेन नाहीसे झाले, हे वैराचे मूळ होते. त्यानंतर व्हिएन्ना, अथेन्स, कोर्फू येथे माणसे मारली गेली. अथेन्समधील खून जानेवारी 2020मध्ये एका उपाहारगृहात, बायकामुलांच्या देखत झाले. सर्बियातल्या टोळ्यांनी यातली एकेक बाजू धरली. मार्च 2021मध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी टोळ्यांच्या वापरातली सांकेतिक संदेशसेवा फोडल्याचे जाहीर केले. बेलग्रेडमध्ये त्याच्या महिनाभर आधीच फुटबॉल चाहत्यांच्या गटातून पुढे आलेल्या एका टोळीला अटक झाली होती, आणि राजधानीजवळच्या रितोपेक येथील घरात खून झाल्याचे पुरावे या संदेशांतून पुढे आले. आपली टोळी सत्ताधाऱ्यांच्याच गरजेसाठी उभी केली गेली, असा दावा तिच्या म्होरक्याने न्यायालयात केला आणि सत्ताधाऱ्यांनी तो फेटाळला. हा दावा ज्या विशेष न्यायालयात नोंदला गेला ते 2002च्या कायद्याने उभे राहिले होते आणि जिंजिच यांच्या हत्येचा खटलाही तिथेच चालला होता.