सगळेच पास होतात ती परीक्षा

तीन वर्षांचं मूल सांगतं, "मी घर करलं." आपण हसतो आणि "करलं नाही रे, केलं" अशी दुरुस्ती करतो. पण जरा थांबून बघा. "करलं" हा शब्द त्या मुलाने घरात कुणाच्याही तोंडून ऐकलेला नसतो. बस-बसलं, हस-हसलं, पड-पडलं हे ऐकून त्याने नियम बांधला आणि 'कर'ला लावला. गंमत म्हणजे याच मुलाने काही महिन्यांपूर्वी "केलं" असं अगदी बरोबर म्हटलेलं असू शकतं. तेव्हा तो पाठ केलेला शब्द होता. आता त्याच्याकडे व्याकरण आलंय, म्हणून चूक होतेय.

भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी 1958 साली हे प्रयोगाने दाखवलं. त्यांनी मुलांना एका काल्पनिक पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं नाव 'वग' असल्याचं सांगितलं. मग असे दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाने 'वग्ज' असं अनेकवचन करून दिलं. हा शब्द त्याआधी जगात नव्हताच, तेव्हा नकलेचा प्रश्न येत नाही.

ही तयारी बोलण्याच्या फार आधी सुरू होते. 1996 मध्ये सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग माळ ऐकवली. मध्ये विराम नाही, आघात नाही. फक्त काही अक्षरं नेहमी एकामागोमाग यायची, बाकीची कधी तरी. दोन मिनिटांत बाळांना 'शब्द' कुठे संपतो ते उमगलं होतं. आणखी एक प्रयोग तर आपल्याच त आणि ट यांचा आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त-ट हा फरक सहज कळतो, पण वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना तो कळेनासा होतो. त्यांच्या भाषेला तो लागत नाही, म्हणून कान तो सोडून देतात. शिकणं म्हणजे काही गोष्टी न ऐकायला शिकणंही!

आता एवढ्या कर्तबगारीचे बुद्ध्यंकात, म्हणजे आयक्यूत, किती गुण? शून्य. कारण साधं आहे. बुद्धिमापन चाचणी माणसामाणसांतला फरक मोजते. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनाच येतं तो फरक दाखवत नाही, म्हणून चाचणीतून वगळला जातो. मेंदूचं बहुधा सर्वांत अवघड काम असं मोजमापाबाहेर राहतं.

आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली तीही शाळेसाठी: कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल ते ओळखायला. पुढे मानसिक वय आलं, म्हणजे मूल किती वर्षांच्या मुलाइतके प्रश्न सोडवतं ते. ते खऱ्या वयाने भागून मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये गुणोत्तर काढलं. आज भागाकार उरलेला नाही. सरासरी 100 धरतात आणि साधारण दोन तृतीयांश लोक 85 ते 115 मध्ये बसतात.

भाषा आणि बुद्ध्यंक किती वेगळे चालू शकतात हे विल्यम्स सिंड्रोममध्ये दिसतं. सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाल्याने तो होतो. बुद्ध्यंक बऱ्याचदा साठच्या आसपास असतो, ठोकळे जुळवणं फार जड जातं, पण बोलणं त्या मानाने ओघवतं असतं. उलट, बाकी सगळं ठीक असून केवळ भाषेचा विकार असलेली मुलंही असतात.

पण बाहेर ठेवलेली भाषा मागच्या दाराने चाचणीत येते. शब्दांचे अर्थ सांगण्याची उपचाचणी एकूण गुणांशी सर्वाधिक जुळणाऱ्यांपैकी एक आहे. 1917 मध्ये अमेरिकी सैन्याने भरती झालेल्यांसाठी दोन चाचण्या केल्या, त्यांतली 'बीटा' निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी, चित्रांची. चित्रातला राहिलेला भाग ओळखायचा: टेनिस कोर्टची जाळी, दिव्यातली तार. भाषा काढली, पण टेनिस राहिलं.

त्याहून बोलकी गोष्ट सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांची. 1931-32 मध्ये ते उझबेकिस्तानात निरक्षर शेतकऱ्यांना भेटले आणि त्यांना एक कोडं घातलं: उत्तरेत जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक ठिकाण उत्तरेत आहे, तिथे बर्फ आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तरं आली ती अशा अर्थाची, की मी पाहिलं नाही, जो तिथे गेलाय त्याला विचारा. कुऱ्हाड, करवत, हातोडा आणि ओंडका यांतून वेगळी वस्तू काढायला सांगितली, तर ओंडका काढायला ते तयार होईनात. तो काढला तर करवत कापणार काय? मला तरी यात बुद्धीची उणीव दिसत नाही. शाळेने शिकवलेला, शब्दांना वस्तूंपासून सोडवून वापरण्याचा खेळ ते खेळत नव्हते, इतकंच.

विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यंक दर दशकात सुमारे तीन गुणांनी वाढला. बुद्ध्यंकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी ही वाढ उलगडून पाहिली, तेव्हा मुलांच्या शब्दसंग्रहात ती थोडीच निघाली; 'साम्य सांगा' या भागात मात्र भरघोस. कुत्रा आणि ससा यांच्यात साम्य काय? शंभर वर्षांपूर्वीच्या मुलाने सांगितलं असतं की कुत्र्याने सशाची शिकार करतात, असं फ्लिन म्हणत. पूर्ण गुण मिळवून देणारं उत्तर वेगळं आहे: दोघेही सस्तन प्राणी.