ब्रिटनने घेतलेली मुलं आणि १९४० ची धरपकड

किंडरट्रान्सपोर्टची, म्हणजे नाझी राजवटीतून मुलांना ब्रिटनला हलवण्याच्या मोहिमेची, सुरुवात बहुतेकांना ठाऊक असते. नोव्हेंबर १९३८ ची नाझी जर्मनीतली ज्यूविरोधी जाळपोळ, २ डिसेंबरला हार्विच बंदरात उतरलेली पहिली तुकडी आणि युद्ध पेटेपर्यंत ब्रिटनमध्ये पोचलेली सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू. वय सतराच्या आत, एक लहान पेटी, गळ्यात नंबराची चिठ्ठी, खिशात दहा मार्क. आईवडिलांना मात्र सोबत येऊ दिलं नाही. मुलं पुढे दुसऱ्या देशात जातील असं गृहीत धरलं होतं, आणि काही महिन्यांतच दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. तीही सरकारने भरायची नव्हती. या उदारपणाचे गोडवे गाताना एवढं सहसा गाळलं जातं.

त्याहून अवघड जाते ती १९४० ची गोष्ट. युद्ध सुरू होताच जर्मन पासपोर्टवाले सगळे कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. सोळा पूर्ण झालेल्यांना चौकशी मंडळापुढे उभं राहावं लागे. बहुतेकांना 'सी' वर्ग, म्हणजे धोका नाही, आणि नोंदणीपुस्तकात 'नाझी जुलमाचे निर्वासित' अशी नोंद. हा निर्वाळा सरकारचाच. तरी फ्रान्स कोसळताच, जून १९४० मध्ये, त्याच वर्गातल्या पुरुषांनाही उचललं. सोळावं नुकतंच ओलांडलेली मुलंही त्यात आली; किंडरट्रान्सपोर्टने आलेल्यांपैकी असे सुमारे हजार जण. आक्रमणाची भीती खरी होती, हे मान्य. पण काही महिन्यांपूर्वीच तपासून सोडलेल्या पोरांकडून नेमका कसला धोका होता, याचं पटेल असं उत्तर तेव्हाही मिळालं नाही.

बरेचसे आयल ऑफ मॅन या ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बेटावर, तारेच्या कुंपणाआड गेले. काहींना कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला धाडलं. १० जुलैला लिव्हरपूलहून सुटलेल्या 'डुनेरा' जहाजात सुमारे २,५०० जण कोंबले होते, त्यांच्यातच काही नाझी समर्थकही. पहारेकऱ्यांनी सामान लुटलं, पेट्या समुद्रात फेकल्या. बोट ६ सप्टेंबरला सिडनीला लागली. संसदेत आरडाओरडा झाल्यावर सुटका सुरू झाली, तीही टप्प्याटप्प्याने. लवकर सुटायची एक वाट म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या पायोनियर तुकडीत, म्हणजे अंगमेहनतीची कामं करणाऱ्या दलात, भरती. कालचा संशयित आज गणवेशात.

घरची खबर रेड क्रॉसच्या २५ शब्दांच्या निरोपांतून येई. १९४२ नंतर अनेकांना तेही येईनासे झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेरच्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. ब्रिटिश नागरिकत्व मात्र बहुतेकांना युद्ध संपल्यावर, १९४६ पासून पुढे, अर्ज करून मिळालं.