नदी सरकली, सीमा जागीच: आल्पाइन ऱ्हाईनच्या शेवटच्या 26 किलोमीटरची पार्श्वभूमी

मे 2024 मध्ये ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी ऱ्हाईन नदीबाबत चौथा करार केला. पहिला 1892 चा, दुसरा 1924 चा, तिसरा 1954 चा. चारही करारांचा विषय नदीचा एकच तुकडा आहे: इल नदी येऊन मिळते तिथपासून कॉन्स्टन्स सरोवरापर्यंतचे जेमतेम 26 किलोमीटर. सव्वाबाराशे किलोमीटर लांबीच्या नदीतल्या एवढ्याशा टप्प्यावर दोन देश सव्वाशेहून अधिक वर्षे बोलणी करत आले आहेत. पहिल्या कराराने नदी सरळ केली, तिसऱ्याने आवळली, आणि चौथा तिला पुन्हा रुंद करायला निघाला आहे. बातम्यांत हे सगळे नदीला तिची जागा परत देण्याच्या भाषेत येते. भाषा गोड आहे, पण मूळ प्रश्न पुराचा आणि खडी-गाळाचा आहे. त्याचे गणित 1892 मध्ये मांडले गेले तेव्हाच त्यात राजकारण मिसळलेले होते.

ऱ्हाईनचे दोन मुख्य फाटे स्वित्झर्लंडमध्ये रायखेनाउजवळ एकत्र येतात. तिथून सरोवरापर्यंतच्या नव्वदेक किलोमीटरच्या प्रवाहाला आल्पाइन ऱ्हाईन म्हणतात. कूर शहर ओलांडून नदी उत्तरेकडे वळते आणि झारगान्सपाशी एका विलक्षण जागेजवळून जाते. तिथे डावीकडे झ्युरिकच्या दिशेला उघडणारी दरी आणि ऱ्हाईनची दरी यांच्यामध्ये जो जलविभाजक आहे, तो फक्त काही मीटर उंचीचा. नदी एके काळी त्या वाटेनेही वाहिली आहे. पुढे लिश्टेनस्टाइनची पश्चिम सीमा म्हणजे हीच नदी. 1923 च्या करारानुसार स्वित्झर्लंड आणि लिश्टेनस्टाइन एकाच जकात क्षेत्रात असल्याने त्या सीमेवरचे पूल माणसे सहज ओलांडतात. इल मिळाल्यावर पलीकडचा काठ ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्ग प्रांताचा होतो, आणि खरा गुंता इथून सुरू होतो.

नदीचा स्वभाव थोडक्यात असा. याच खालच्या टप्प्यातल्या डीपोल्ट्साउ या स्विस गावापाशी तिचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे 230 घनमीटर. जुलै 1987 च्या पुरात तो अडीच हजारांच्या वर गेला होता. वरच्या डोंगरांतून ती खडी, वाळू आणि बारीक गाळ घेऊन येते. खालच्या दरीत उतार कमी झाला की खडी टाकून देते आणि बारीक गाळ सरोवरापर्यंत नेते. खडी साचत गेली की तळ वर येतो, तळ वर आला की बांध उंच करावे लागतात. पूर्वी हे चक्र इतके पुढे गेले होते की नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागली. दरीतल्या लहान ओढ्यांना ऱ्हाईनमध्ये उतरायला जागाच उरली नाही. म्हणून दोन्ही बाजूंना समांतर कालवे खोदून त्यांचे पाणी खाली दूरवर नेऊन सोडावे लागले. बांधांत अडकण्याआधी ही नदी कशी होती हे पाहायचे तर लांडक्वार्टजवळच्या मास्ट्रिल्सला जावे लागते. तिथे एका छोट्या टप्प्यात अजूनही पसरट खडीचे पट्टे आहेत, वाळुंजासारखी झुडपे आहेत, आणि पाण्याचे चार-पाच पाट एकमेकांत गुंततात, सुटतात. एका पुरानंतर मुख्य धार कुठल्या पाटात असेल हे आधी सांगता येत नाही.

बांधांचा जुना इतिहास फार सौहार्दाचा नाही. कित्येक शतके प्रत्येक गाव आपापला काठ सांभाळत असे, आणि सांभाळण्याची सोपी रीत म्हणजे पात्रात तिरपे धक्के घालायचे. लाकूड, फांद्यांच्या मोळ्या आणि दगड यांचे हे धक्के पाण्याला समोरच्या काठावर ढकलत. समोरचे गाव मग त्याहून लांब धक्का घालून पाणी परत पाठवी. नदी सीमेवर असल्याने हे भांडण दोन गावांचे न राहता दोन राज्यांचे होई. एकोणिसाव्या शतकात दोन्ही काठांना समांतर बांध घालण्यावर हळूहळू एकमत झाले, पण तोवर तळ बराच वर आलेला होता. 1868 आणि 1871 च्या पुरांनी दरीचा मोठा भाग पाण्याखाली नेला, 1888 आणि 1890 मध्ये पुन्हा तेच झाले. त्यानंतर दोन वर्षांतच पहिला करार झाला.

त्या करारातली देवाणघेवाण हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, आणि आजच्या चर्चांत ती फार घाईने उरकली जाते.

तेव्हा ऱ्हाईन दोन मोठी वळणे घेत होती. पहिले डीपोल्ट्साउपाशी, पूर्वेला ऑस्ट्रियातल्या होहेनेम्सच्या बाजूला फुगलेले. दुसरे त्याहून खाली, जिथे नदी सरोवर अगदी समोर असताना पश्चिमेला वळून, राइनएक गावावरून लांबचा फेरा घेऊन मग सरोवरात उतरत असे. अभियंत्यांचा उपाय साधा होता: दोन्ही वळणे तोडून सरळ पात्र खोदायचे. उंचीतला फरक तोच राहतो, अंतर कमी होते, म्हणजे उतार वाढतो, आणि वाढलेल्या उताराने नदी आपली खडी आपणच पुढे ढकलते. तत्त्व निर्विवाद होते. भांडण होते ते हे पात्र कोणाच्या जमिनीतून जाणार यावर.

खालचे पात्र, म्हणजे फुसाख गावाजवळचे, पूर्णपणे ऑस्ट्रियाच्या जमिनीतून जाणार होते. त्याचा मोठा लाभ मात्र स्विस काठाला, कारण राइनएककडचा पूर कमी होणार होता. फोरार्लबर्गमधल्या गावांनी साहजिकच दशकानुदशके विरोध केला. नदी आपल्या दाराशी आणून ठेवायची आणि फायदा पलीकडच्यांचा, हे त्यांना पटण्यासारखे नव्हतेच. वरचे पात्र, डीपोल्ट्साउचे, याच्या नेमके उलट: पूर्णपणे स्वित्झर्लंडमधून, आणि त्याची निकड ऑस्ट्रियाला जास्त. 1892 चा करार शक्य झाला तो या दोन तक्रारी एकमेकींसमोर ठेवून. तुम्ही तुमच्या जमिनीत नदी घ्या, आम्ही आमच्या जमिनीत घेतो, खर्च निम्मा-निम्मा.

कागदावर ही सुरेख फिटंफाट होती. फुसाखचे पात्र आधी आणि डीपोल्ट्साउचे नंतर, हा क्रमही तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, कारण नदीचा तळ खोल होत जातो तो मुखाकडून वरच्या दिशेने. अडचण अशी की ज्याचा हप्ता आधी पोहोचतो, त्याचा उत्साह नंतर टिकत नाही. फुसाखचे पात्र 1900 मध्ये खुले झाले आणि नदी सुमारे 7 किलोमीटरने आखूड झाली. राइनएककडे हायसे वाटले. त्यानंतर स्विस बाजूला डीपोल्ट्साउच्या पात्राबद्दल शंका निघू लागल्या. तिथली जमीन दलदलीची, खाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर. अशा जमिनीवर बांध उभा करायचा म्हणजे तो आपल्याच वजनाने खचणार. त्यापेक्षा जुने वळणच नीट बांधून काढावे, असा पर्याय मांडला गेला. शंका खोटी नव्हती, जमीन खरोखरच वाईट होती. पण ऑस्ट्रियन बाजूने पाहिले तर हे सरळसरळ वायद्याला बगल देणे होते, आणि ती तक्रार मला अधिक रास्त वाटते. 1892 मध्येही ती जमीन तीच होती. डीपोल्ट्साउच्या गावकऱ्यांची गोष्ट वेगळी. नव्या पात्राने त्यांचे गाव उरलेल्या देशापासून तुटणार होते, आणि त्यांना या व्यवहारात मोबदल्याखेरीज काही मिळणार नव्हते. अखेर करार पाळला गेला. मध्ये महायुद्ध आले, काम रेंगाळले, आणि पात्र 1923 च्या एप्रिलमध्ये खुले झाले. नदी आणखी सुमारे 3 किलोमीटरने घटली. दोन हप्त्यांमध्ये 23 वर्षांचे अंतर पडले.

या कामासाठी 750 मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे टाकली होती. डोंगराच्या कुशीतल्या खाणींतून दगड भरून गाड्या बांधांवरून धावत, पार सरोवराच्या तोंडापर्यंत. आज ती लुस्टेनाउ या ऑस्ट्रियन गावात हौशी प्रवाशांना घेऊन फिरते. पूर्वी तिच्या दगडांखाली फांद्यांच्या मोळ्या दाबून बसवत, कारण मऊ गाळात नुसता दगड टाकला तर तो दिसेनासा होई.

नदी हलली, पण सीमा हलवायची नाही असे ठरले होते. परिणाम नकाशावर पाहण्यासारखा आहे. इलच्या संगमापासून काही अंतर नदी म्हणजेच सीमा. मग नदी डीपोल्ट्साउच्या पात्रात शिरते आणि पूर्णपणे स्विस होते, तर सीमा तिला सोडून जुन्या वळणाने पूर्वेला फिरून येते. डीपोल्ट्साउ गाव या दोन पाण्यांच्या मध्ये: मागे स्वित्झर्लंडकडे जायला पूल, पुढे जुनी ऱ्हाईन आणि ऑस्ट्रिया. लुस्टेनाउपाशी नदी आणि सीमा पुन्हा काही किलोमीटर एकत्र येतात. फुसाखच्या पात्रात नदी ऑस्ट्रियन होते, सीमा जुन्या पात्राबरोबर पश्चिमेला जाते, आणि ह्योख्स्ट व गाइसाउ ही ऑस्ट्रियन गावे नदीच्या 'स्विस' बाजूला उरतात. सरकारी कागदांत या सगळ्या 26 किलोमीटरला आंतरराष्ट्रीय टप्पा म्हणतात, जरी त्यातल्या बऱ्याच लांबीत दोन्ही काठ एकाच देशाचे आहेत. भरीस भर म्हणजे नदी ज्या सरोवरात उतरते, त्याच्या मोठ्या भागात काठावरच्या तीन देशांनी आपसात सीमा ठरवलेलीच नाही.

जुन्या पात्रात पाणी थोडेच उरले, आणि त्याचा अर्थ 1938 मध्ये कळला. ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत सामील केल्यावर होहेनेम्सच्या बाजूने ज्यू निर्वासित रात्री जुनी ऱ्हाईन पायी ओलांडून डीपोल्ट्साउला येऊ लागले. मुख्य प्रवाह तिथे असता तर ते शक्यच नव्हते. स्विस सरकारने दार बंद केले असताना सीमेवरच्या स्विस प्रांतातल्या एका पोलीस अधिकाऱ्याने कागदांवर मागच्या तारखा टाकून अनेकांना आत घेतले. त्याला नोकरीवरून काढले, शिक्षा झाली, आणि न्यायालयाने ती रद्द केली 1995 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आज त्याच जागी उन्हाळ्यात लोक पोहायला येतात.

नव्या पात्रांनी पूर संपवला का? लिश्टेनस्टाइनमध्ये सप्टेंबर 1927 मध्ये शानजवळच्या रेल्वे पुलापाशी बांध फुटला आणि खालचा प्रदेश कित्येक आठवडे पाण्यात राहिला. तो टप्पा करारातल्या टप्प्याच्या वर आहे, पण कारण तेच होते, वर आलेला तळ. खालच्या टप्प्यातही निराशा झाली. बाहेरच्या बांधांच्या मधोमध खोदलेले, एरवीचे पाणी नेणारे मधले पात्र नदीच्या मानाने रुंद निघाले, पाणी पसरले आणि खडी पुन्हा बसू लागली. 1924 चा करार मुख्यतः साम्राज्य संपल्यानंतरच्या नव्या ऑस्ट्रियाबरोबर काम पुढे नेण्यासाठी होता. दुरुस्ती झाली ती 1954 च्या कराराने: मधले पात्र आवळायचे, बांध वाढवायचे, आणि सेकंदाला 3,100 घनमीटर पाणी सुखरूप न्यायचे.

त्याच सुमारास बांधकामांना खडी हवी होती आणि नदीत ती होती. वरच्या भागात उपसा सुरू झाला. आधी तो दोघांच्याही सोयीचा होता, तळ खाली जात होता आणि पुराची भीती कमी होत होती. मग तळ गरजेपेक्षा खाली गेला, भूजल उतरले, आणि 1970 मध्ये बुक्स आणि शान यांच्यामधला पूल पायाखालची खडी वाहून गेल्याने कोसळला. त्यानंतर उपशाला आळा बसला. ज्या नदीत शंभर वर्षे खडी जास्त म्हणून झगडा होता, तिथे आता काही ठिकाणी खडी कमी पडते.

मुखाशी वेगळाच प्रश्न. फुसाखच्या पात्राने सगळा गाळ एका उथळ उपसागरात आणून टाकला, दरवर्षी वीस ते तीस लाख घनमीटर. बंदरे आणि किनारे गाळाने भरू लागले, तेव्हा नदीचे बांध सरोवरातच पुढे वाढवत नेले, आता जवळजवळ 5 किलोमीटर. नकाशात ते पाण्यात घुसलेल्या दोन समांतर रेघांसारखे दिसतात. त्यांच्या बाजूला तयार झालेला त्रिभुज प्रदेश 1982 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून संरक्षित आहे.

आता चौथा करार. क्षमता 3,100 वरून 4,300 घनमीटरवर न्यायची आहे, कारण दरीत सुमारे 3 लाख लोक राहतात आणि शंभर वर्षे जुने बांध त्यांच्या आणि नदीच्या मध्ये उभे आहेत. खर्च सुमारे 2.1 अब्ज स्विस फ्रँक, पुन्हा निम्मा-निम्मा. बाहेरचे बांध बहुतांशी आहेत तिथेच राहतील, रुंदी मिळवायची ती आतून. आज मधल्या आवळलेल्या पात्राच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या बांधांच्या आत, सपाट कुरणे आहेत. मोठ्या पुरात ती बुडतात, एरवी शेतकरी तिथले गवत कापून नेतात. पात्र रुंद करताना ही जमीन जाणार अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे, तर ठरवलेली रुंदी पुरेशी नाही अशी पर्यावरणवाद्यांची. दोघांच्या भांडणात तिसरी गोष्ट प्रकल्पाला सर्वांत जास्त अडवत आली आहे: याच कुरणांत गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आहेत. नदी विहिरीच्या जवळ आली तर पाणी पुरेसे गाळून निघत नाही. त्यामुळे आराखड्यात नदी एके ठिकाणी तीनशे मीटरच्या घरात रुंद होते, आणि विहिरी आल्या की पुन्हा आकसते. काही विहिरी हलवायच्या आहेत, काहींसाठी पर्यायी जागा आधी सिद्ध कराव्या लागतील, आणि तोवर त्या टप्प्यातले काम सुरू होणार नाही.