पेशी यकृताची की कर्करोगाची?

जुलै १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे थॉमस स्टार्झल यांनी दीड वर्षाच्या एका मुलीचं कर्करोग झालेलं यकृत काढलं आणि त्या जागी दुसरं बसवलं. यकृत प्रत्यारोपणानंतर बराच काळ जगलेली ती पहिली रुग्ण. वर्षाहून अधिक जगली, आणि गेली ती त्याच कर्करोगाने. रोगट यकृत तर अख्खं बाहेर काढलं होतं. मग रोग उरला कुठे होता?

पुढे हा प्रश्न शल्यचिकित्सकांना पुन्हा पुन्हा छळत राहिला. स्कॅनवर एकच लहान गाठ दिसते, ती कडेच्या निरोगी भागासकट कापून काढली जाते, आणि काही महिन्यांनी फुप्फुसात किंवा नव्या यकृतात तोच रोग उगवतो. यामागचं एक कारण मात्र साधं आहे. शस्त्रक्रियेच्या आधीच काही पेशी गाठीतून सुटून रक्तात उतरलेल्या असतात. या पेशी रक्तात शोधून ओळखता येतील का, त्या शोधाची ही गोष्ट.

कर्करोगाच्या पेशी रक्तात असू शकतात, ही गोष्ट त्याआधी शंभर वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती. १८६९ मध्ये मेलबर्नचे डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी कर्करोगाने मेलेल्या एका रुग्णाच्या पायाच्या शिरेतलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात त्यांना गाठींमधल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. पण त्या रुग्णाचं शरीर गाठींनी भरलेलं होतं. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५०० कोटी लाल पेशी असतात, पांढऱ्या पेशी ४० लाख ते १ कोटी १० लाख. त्यांच्यात कर्करोगाची पेशी एखादी असली तर असते. नुसत्या डोळ्याने ती शोधणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

यकृतापुरती एक वेगळी वाट सोव्हिएत संशोधकांनी दाखवली. १९६३ मध्ये गॅरी अबेलेव्ह यांच्या गटाला यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. एरवी गर्भातल्या पिल्लाचं यकृत हे प्रथिन बनवतं आणि जन्मानंतर ते बनवणं जवळपास बंद करतं. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांनी ते यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत दाखवलं. हेच अल्फा फीटोप्रोटीन, रोजच्या बोलण्यातलं एएफपी. ही चाचणी आजही वापरात आहे. पण अनेक रुग्णांत, विशेषतः गाठ लहान असताना, एएफपी वाढतच नाही. शिवाय ते रक्तात सापडलं, तरी बनवणारी पेशी जागेवरच आहे की प्रवासाला निघाली आहे, हे त्यावरून कळत नाही.

ते कळायला पेशीच हाती लागायला हवी, निदान तिच्या पोटातला संदेश तरी. पेशीला एखादं प्रथिन बनवायचं असेल तर आधी त्या जनुकाची आरएनए प्रत निघते, आणि ही प्रत पेशीबाहेर उघड्यावर पडली की रक्तातली विकरं (एन्झाइम) तिचा बघता बघता फडशा पाडतात. त्यामुळे रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशींमध्ये एएफपीचा आरएनए मिळाला, तर तो बनवणारी पेशी तिथे आहे असं म्हणता येतं. आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर १९७० मध्ये सापडलं होतं. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली आणि एका प्रतीच्या कोट्यवधी प्रती करता येऊ लागल्या. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ही दोन्ही तंत्रं जोडून मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात पकडल्या. १९९४ मध्ये जपानी गटाने यकृताच्या कर्करोगासाठी एएफपीचा आरएनए शोधला.

प्रयोगशाळेत हे काम असं चालतं. रक्त पातळ करून फायकॉल नावाच्या जड द्रवावर अलगद, नळीच्या कडेने सोडायचं आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि मधे एक पांढुरका, ढगाळ, पातळ पट्टा दिसतो. त्यात मुख्यतः काही प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. यकृताची पेशी असलीच तर तीही तिथेच. पिपेटने तेवढा पट्टा उचलायचा, हात हलला की नमुना गढूळ. नमुना तासन् तास तसाच पडून राहिला तर आरएनए तुटतो आणि रुग्णाला खोटा दिलासा देणारा निकाल हाती येतो.

आशा मोठी होती, पण खरी अडचण पुढेच होती. काही गटांनी एएफपीऐवजी अल्ब्युमिनचा आरएनए शोधला. ते यकृताचं मुख्य प्रथिन, त्यामुळे खूण ठळक असणार होती. पण निरोगी माणसांच्या रक्तातही तो मिळू लागला. याचं कारण १९८९ मध्येच पॅरिसच्या एका गटाने दाखवून ठेवलं होतं: ज्या पेशीला एखाद्या जनुकाचं काहीच काम नसतं, तीसुद्धा क्वचित त्याची एखाददुसरी प्रत काढते. पांढऱ्या पेशी लाखोंनी आणि पीसीआर अतिसंवेदनशील, म्हणून ही कुजबुजही ओरडण्यासारखी ऐकू येई. एएफपीचीही गत फार वेगळी झाली नाही. हिपॅटायटिस (यकृताचा दाह) किंवा सिरॉसिसमध्ये (यकृत निबर होण्याच्या आजारात) इजा भरून काढणाऱ्या साध्या यकृतपेशीही एएफपी बनवतात, आणि शस्त्रक्रियेत यकृत हाताळलं की निरोगी पेशीही रक्तात सांडतात. चाचणी ‘यकृताची पेशी आहे’ एवढंच सांगत होती. ती कर्करोगाची आहे का, यावर ती गप्प होती. वेगवेगळ्या गटांचे निकाल जुळेनात, आणि माझ्या मते त्याचं मूळ याच गफलतीत होतं.

मग पेशी आधी पकडून नंतर वाचायची, असा विचार बळावला. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली सेलसर्च ही यंत्रणा चुंबकी कणांवर, अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या एपकॅम या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं बसवून पेशी ओढून घेते. यकृताच्या कर्करोगात मात्र बऱ्याच पेशींवर एपकॅम नसतंच, म्हणून इथे हे जाळं फाटकं ठरतं. बॉस्टनच्या गटाने उलटा मार्ग धरला: चिपमधून रक्त नेऊन लाल आणि पांढऱ्या पेशी काढून टाकायच्या आणि उरेल ते तपासायचं. २०१७ मध्ये त्यांनी अशा नमुन्यांत एकाऐवजी १० जनुकांचा आरएनए डिजिटल पीसीआरने, म्हणजे एकेक प्रत मोजणाऱ्या पीसीआरने, मोजला. उपचार न झालेल्या १६ कर्करुग्णांपैकी ९ जणांत खूण मिळाली, तर कर्करोग नसलेल्या ३१ यकृतरुग्णांपैकी फक्त एकात. खोट्या धोक्याच्या घंटा जवळपास थांबल्या, हे मला या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

पण ७ जण निसटलेच. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं सारखी शिजलेली असतात. रक्तात तसं नाही. यकृतातून निघालेलं रक्त आधी हृदयात जातं, तिथून फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत, आणि मगच हाताच्या शिरेपर्यंत पोचतं. मोठ्या कर्कपेशी वाटेतच अडकतात. शस्त्रक्रियेदरम्यान थेट यकृताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तात हाताच्या रक्तापेक्षा जास्त पेशी सापडल्या आहेत. दंडातून घेतलेल्या नळीभर रक्तात एकही पेशी मिळाली नाही, तर त्या क्षणी त्या नळीत ती आली नव्हती, इतकंच त्यावरून ठरतं. म्हणूनच सिरॉसिसच्या रुग्णांची दर ६ महिन्यांची तपासणी अजूनही सोनोग्राफी आणि एएफपीवरच चालते.